सोळा बटणं, दहा राग

गणपतीच्या आगमनाच्या दिवसांत भायखळा स्टेशनातून बाहेर पडा आणि चिंचपोकळी, लालबागच्या दिशेने चालायला लागा. गर्दीत ढकलले जाल, पण कान उघडे ठेवा. बेंजो पार्टीच्या गाडीवर एक पोरगा उभा असतो. त्याच्यापुढे आठ चौकोन असलेली एक चपटी पेटी असते, ऑक्टोपॅड. एका चौकोनावर काठी पडली की ढोल वाजतो, दुसऱ्यावर टाळी, तिसऱ्यावर भलताच कुठला तरी आवाज. त्याच्या बाजूलाच खरी कच्ची ढोलकी असते, खरा ताशा असतो, आणि त्या सगळ्यावर बेंजोची तार झणझणत असते. पेटी आणि हात एकत्र वाजतात. कुणी त्याला हायब्रिड सेटअप वगैरे म्हणत नाही. पब्लिक नाचतं, विषय संपला.

आता तुमच्याकडे वळू. तुमच्यापैकी काही जण कॉलेज फेस्टला सेट लावतात. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर, शेजारी कंट्रोलर, आणि पॉकेटमनी साठवून किंवा कुणाकडून तरी मागून आणलेली एखादी ड्रम मशीन. मग प्रश्न येतो, की लॅपटॉपमध्ये हजार बीट पडलेले असताना या डब्याची गरज काय? मित्र हसतात. एका क्लिकवर होणारं काम बटणं दाबत का करायचं?

या प्रश्नाचं उत्तर मुंबईतल्याच एका माणसाने १९८२ सालीच देऊन ठेवलंय. तेव्हा लॅपटॉप नव्हता, म्युझिक सॉफ्टवेअर नव्हतं आणि डीजे हा शब्दही आजच्या अर्थाने कुणी वापरत नव्हतं. त्या माणसाचं नाव चरणजितसिंग. त्यांना जाऊन दहा वर्षं उलटून गेली. आज जगभरातले डीजे हे नाव आदराने घेतात. तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. ज्या शहरात हे सगळं घडलं, त्या शहरानेही तब्बल २८ वर्षं ते ऐकलं नव्हतं.

पडद्यामागचा वाजवणारा

चरणजितसिंग यांचा जन्म १९४० चा. पेशाने ते सेशन म्युझिशियन. म्हणजे काय, तर हिंदी सिनेमाच्या गाण्याचं रेकॉर्डिंग असेल तेव्हा बोलावणं यायचं, स्टुडिओत जायचं, समोर ठेवलेलं नोटेशन वाजवायचं, पैसे घ्यायचे आणि पुढच्या स्टुडिओकडे पळायचं. गाणं गाजलं की गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, हिरोचं नाव. वाजवणाऱ्याचं नाव तबकडीवर सहसा नसायचंच.

शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा सगळ्या बड्या मंडळींसाठी ते वाजवायचे. बेस गिटार, हवाईयन गिटार, आणि ट्रान्झिकॉर्ड. ट्रान्झिकॉर्ड म्हणजे विजेवर चालणारं अ‍ॅकॉर्डियन म्हणा. १९७१ साली आलेल्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधलं ‘दम मारो दम’ तुम्ही कुठल्या ना कुठल्या रिमिक्समध्ये ऐकलंच असेल. त्यातला ट्रान्झिकॉर्ड चरणजितसिंग यांचा.

त्या काळची रेकॉर्डिंगची पद्धत समजून घ्या, कारण पुढची गोष्ट तिच्यावर उभी आहे. साठ-सत्तर माणसांचा ताफा एकाच हॉलमध्ये बसायचा. व्हायोलिनवाले, ब्रासवाले, तबला-ढोलकवाले, सगळे. शंकर-जयकिशन यांच्याकडे सुरांची मांडणी गोव्याचे सबॅस्टियन डिसोझा बघायचे आणि ठेक्याची बाजू गोव्याचेच दत्ताराम वाडकर. दत्तारामांचा एक ठेका इतका गाजला की वादक आजही त्याला दत्ताराम ठेका म्हणून ओळखतात. बहुतेक वेळा सगळे एकदमच वाजवायचे. एकाचा हात चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे या लोकांची लय पक्की असायची, पण यंत्रासारखी सपाट नसायची. अंतऱ्याला गाणं किंचित पुढे सरकायचं, ध्रुवपदाला बसायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या लॅपटॉपवर ती पुन्हा भेटणार आहे.

चरणजितसिंग यांना नव्या वाद्यांचा भारी नाद. स्वतःच्या नावावर त्यांनी फिल्मी गाण्यांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्याही काढल्या. पण त्यात चाल दुसऱ्याची, वाजवणं आपलं. स्वतःचं असं काही करायचं राहिलं होतं. ते करायला चाळिशी ओलांडावी लागली.

बेसवाल्याची जागा घेणारा डबा

मधे थोडं मशीनबद्दल. १९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ नावाची ड्रम मशीन बाजारात आणली. खालच्या बाजूला ओळीने सोळा बटणं, चार-चारच्या गटात, लाल, नारिंगी, पिवळी आणि पांढरी. एक बटण म्हणजे एक पायरी. कुठल्या पायरीवर ड्रम पडायचा आणि कुठल्या पायरीवर टाळी, हे तुम्ही ठरवायचं. सुरू केलं की डावीकडून उजवीकडे दिवा पळत जाणार आणि पुन्हा पहिल्यापासून. यातले आवाज खऱ्या ड्रमचं रेकॉर्डिंग नव्हते. सर्किटमधून तयार केलेले होते. म्हणून तर लोकांना ते खोटे वाटले. साधारण १२,००० मशीन बनल्या आणि १९८३ मध्ये उत्पादन बंद पडलं.

तिच्या मागोमाग आली टीबी-३०३. चंदेरी रंगाची, वहीएवढी. तिच्या नावातले टी आणि बी ही ट्रान्झिस्टर बेसची आद्याक्षरं. एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बेसवाला मिळाला नाही, तर त्याच्या जागी हा डबा वाजेल अशी कल्पना. म्हणजे सरळ भाषेत, बेस वाजवणाऱ्या माणसाला सुट्टी. पण हिचा आवाज बेस गिटारसारखा अजिबात नव्हता आणि प्रोग्रॅमिंग तर डोक्याला ताप. १९८४ मध्ये हीसुद्धा बंद.

आता गंमत बघा. चरणजितसिंग स्वतः बेस गिटार वाजवणारे. आणि बेसवाल्याची जागा घ्यायला निघालेला हा डबा त्यांनी स्वतःच्या पैशांनी विकत घेतला, तोही सिंगापूरहून. सोबत ८०८ आणि ज्युपिटर-८ नावाचा तेव्हाचा महागडा सिंथेसायझर. घरी आणून रियाजाला बसले.

१९८२, आपल्या भागातलं

ते साल भायखळा-लालबागच्या कुठल्याही जुन्या घरात विचारा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. भायखळ्याची खटाव मिल असो की परळ-लालबागच्या गिरण्या, जे साचे दिवस-रात्र खडखडत असायचे ते गप्प झाले. संपाच्या मागण्यांमध्ये एक मागणी बदली कामगारांना कायम करण्याची होती. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गेटवर उभा राहणारा. कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जाणार, नाहीतर घरी परतणार. तुमच्या आजोबांच्या पिढीत हा शब्द रोजच्या बोलण्यातला होता.

संपाचा आणि चरणजितसिंग यांच्या तबकडीचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पण बदली हा शब्द इथे नेमका बसतो. नवीन मशीन आलं की प्रश्न एकच असतो, हे कुणाच्या बदली आलंय? स्टुडिओतल्या वादकांनाही तो प्रश्न पडणारच होता, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याचं उत्तरही मिळालं. सिंथेसायझर आणि प्रोग्रॅम केलेले ठेके आले तसे साठ-सत्तर जणांचे ताफे आटत गेले. व्हायोलिनवाल्यांच्या रांगेच्या जागी एक कीबोर्ड आला. अनेक घरांतली कमाई थांबली. मशीनचं कौतुक करताना हा हिशेबही लक्षात असू द्या.

त्याच वर्षी मुंबईत दुसरी हवा होती डिस्कोची. १९८० च्या ‘कुर्बानी’ने पाया घातला, १९८१ च्या ‘डिस्को दिवाने’ने वेड लावलं आणि १९८२ च्या डिसेंबरात ‘डिस्को डान्सर’ आला. चरणजितसिंग यांना रोजच्या रेकॉर्डिंगमध्ये तोच ठेका वाजवावा लागत होता. त्यांच्या डोक्यात आलं, की फक्त ठेका डिस्कोचा ठेवू, बाकी सगळं काढून टाकू. तबलाही नको. आणि वर वाजवू शास्त्रीय राग.

तीन मशीन, एक घड्याळ, दोन हात

त्यातून तयार झाली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नावाची एलपी. १९८२ ची, एचएमव्हीने काढलेली. दहा राग, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी अशी यादी वाचली तर वाटेल एखाद्या शास्त्रीय मैफलीची पत्रिका आहे. लावून बघाल तर ठेका धाडधाड, खालून ३०३ ची बेस लाइन वळवळत चाललेली, आणि वर ज्युपिटरवर राग.

हे जुळवलं कसं, ते आज लाइव्ह सेट करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं. आपण ज्याला मिडी म्हणतो ती मशीनची भाषा १९८३ मध्ये आली. त्याआधी रोलँडच्या मशीन एका पाच पिनांच्या वायरीने जोडत. त्या वायरीतून सूर जात नसे, फक्त ठोके जात. एका मात्रेला २४ ठोके. ८०८ घड्याळ चालवणार, ३०३ त्या घड्याळावर चालणार. ज्युपिटरमध्ये आर्पेजिओ म्हणून सोय होती, म्हणजे पट्ट्या दाबून धरल्या की मशीन ते सूर एकामागून एक फिरवत राहणार. ती फिरकीही बाहेरच्या ठोक्यावर चालवता येत असे. आणि हे वाचून जरा खूश व्हा, तुमचा लॅपटॉप आज ड्रम मशीनला मिडी क्लॉक पाठवतो, तोही एका मात्रेला २४ ठोकेच पाठवतो. चाळीस वर्षांत सगळं बदललं, तो आकडा तसाच राहिला.

थोडक्यात, वेळ सांभाळायचं काम त्यांनी पूर्णपणे मशीनकडे दिलं. आणि राग? तो स्वतःच्या हातात ठेवला.

का ठेवला, ते भूप रागात बघा. भूपाचे सूर पाच, सा रे ग प ध. देशकार रागाचेही सूर हेच पाच. तरी गाणारा पहिल्या दोन ओळींत सांगतो की हा भूप आहे की देशकार. भूपात गंधारावर ठाण, देशकारात धैवतावर. कुठे थांबायचं, कुठून वळायचं, कुठल्या सुराला नुसतं स्पर्शून निघायचं, यावर राग ठरतो. मशीनला पाच सूर दिले तर ती पाचही सारख्याच इमानाने वाजवेल. तिच्या लेखी भूप आणि देशकार एकच. फरक करणारा हात माणसाचाच लागतो.

३०३ मध्ये मात्र एक सोय होती जी चरणजितसिंग यांच्या कामी आली. स्लाइड. एक सूर दुसऱ्या सुरात घसरत जातो. आपल्याकडे सुरावरून सुरावर घरंगळण्याला मीड म्हणतात. बेस गिटारची नक्कल म्हणून केलेली ती सोय रागाच्या जवळ जाऊन बसली. हवाईयन गिटार वाजवणाऱ्या माणसाला घसरता सूर काय करू शकतो, हे आधीपासूनच माहीत असणार. बेसवाल्याच्या बदली म्हणून आलेल्या डब्याला एका बेसवाल्याने साथीला बसवलं.

सोळा मात्रा आणि रिकामी जागा

८०८ ची सोळा बटणं चार-चारच्या गटात आहेत, हे मघाशी सांगितलं. तबला शिकलेल्यांच्या डोक्यात घंटी वाजली असेल. तीनतालही सोळा मात्रांचा, चार-चारच्या चार विभागांचा. डिस्कोचा ठोका कुठे पडतो? पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या बटणावर. तीनतालात हीच चार ठिकाणं विभागांच्या सुरुवातीची. पहिली मात्रा सम, पाचवी आणि तेरावी टाळी.

आणि नववी? नववी खाली. इथून पुढच्या मात्रांवर तबलजी डग्गा मोकळा वाजवत नाही. खालचा घुमारा काढून घेतो. ऐकणाऱ्याला पायाखालची जमीन क्षणभर सरकल्यासारखी वाटते आणि मग सम आली की बरं वाटतं. डिस्कोला खाली माहीतच नाही. तो चारही ठिकाणी सारखाच ठोकतो.

हा प्रयोग आज घरी करून बघा. तुमच्या मशीनवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या पायरीवर किक टाका. दोन मिनिटं वाजू द्या. मग नवव्या पायरीवरची किक काढा. नवीन आवाज एकही घातला नाही, उलट एक काढला. तरी ठेका चालायला लागतो. कंटाळा आला तर मशीनच्या पायऱ्याच कमी करा. ८०८ मध्येही त्या सोळाहून कमी करता येत. दहा ठेवल्या की झपतालाची लांबी झाली. फेस्टला लोक गोंधळतील, पण दोन आवर्तनांनी पाय जुळतील.

२८ वर्षांची शांतता

तबकडी निघाली. राष्ट्रीय रेडिओवर तिचा थोडा भाग वाजला. आणि मग काही नाही. विकली गेली नाही. रागवाल्यांना त्यात राग सापडला नसेल, डिस्कोवाल्यांना गाणं सापडलं नसेल. गायक नाही, हिरो नाही, सिनेमा नाही. दुकानात नेमक्या कुठल्या खणात ठेवायची, हाही प्रश्नच.

चरणजितसिंग यांनी त्यावरून काही तमाशा केला नाही. ते पुन्हा वाजवत राहिले. गाणं कुणाचंही असो, बोलावणं आलं की जायचं.

इकडे जगात काय झालं? १९८२ मध्येच अमेरिकेत आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये आणि मार्विन गेच्या ‘सेक्शुअल हीलिंग’मध्ये ८०८ वाजली आणि हिट झाली. ३०३ मात्र सेकंडहँड दुकानांत धूळ खात पडली. तिथून ती शिकागोच्या पोरांच्या हाती लागली, कारण परवडत होती. १९८७ मध्ये फ्युचर या ग्रुपचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं. ३०३ ची बटणं वाजत असतानाच पिरगाळून काढलेला तो किंचाळता आवाज. त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचा अख्खा प्रकार जन्माला आला. क्लबमध्ये तुम्ही जे ऐकता, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ तिथे आहे.

मग २००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकाला भारतात फिरताना ही एलपी मिळाली. त्याने ऐकली आणि चक्रावला. अ‍ॅसिड हाउसच्या पाच वर्षं आधी, तसाच आवाज, तोही मुंबईतून? त्याने चरणजितसिंग यांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या आपल्या लेबलवरून तबकडी पुन्हा काढली. जगाने ऐकली आणि आधी विश्वासच ठेवला नाही. काहींना वाटलं, कुणी तरी युरोपातल्या संगीतकाराने आत्ता बनवून जुन्याच्या नावावर खपवलेली ही थट्टा आहे. खोटी नव्हती. त्या आवाजाचा धनी मुंबईत होता, जिवंत होता, सत्तरीत होता.

मग जनक कोण?

इथे जरा सांभाळून. इन्स्टाग्रामवर तुम्हाला असं वाचायला मिळेल की अ‍ॅसिड हाउसचा शोध भारतात लागला. शेअर करण्याआधी थांबा. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली होती, याला काहीच आधार नाही. दोन वेगळ्या शहरांत, दोन वेगळ्या गरजांतून, एकाच डब्यातून सारखा आवाज निघाला. शिकागोत नाचणारी गर्दी होती, म्हणून तिथे परंपरा तयार झाली. मुंबईत एकटा माणूस होता, म्हणून इथे एक तबकडी तयार झाली. चरणजितसिंग यांनीही जनक असल्याचा टेंभा मिरवला नाही. त्यांच्या दृष्टीने त्यांनी राग वाजवले होते.

त्यांना मोठं म्हणायला त्या किताबाची गरजही नाही. दुसऱ्यांच्या चाली वाजवण्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाने एकदा स्वतःच्या डोक्यातलं वाजवलं, ते पडलं, आणि तरी त्याने वाजवणं सोडलं नाही. पुढे सत्तरी उलटल्यावर त्याच मशीन घेऊन ते युरोपातल्या मंचांवर उभे राहिले. समोर नातवंडांच्या वयाची पोरं नाचत होती. ५ जुलै २०१५ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

तुमच्या टेबलावर

आता पुन्हा तुमचा सेट. लॅपटॉप आहे, ड्रम मशीन आहे. चरणजितसिंग यांच्या पद्धतीतून काय उचलाल?

पहिलं, घड्याळ एकच ठेवा. लॅपटॉप आणि मशीन दोघंही मीच मास्टर म्हणाले की पाचव्या मिनिटाला ठेका फाटतो. दोघांपैकी एकाला मास्टर करा, दुसऱ्याला त्याच्या मागे लावा. मशीन लॅपटॉपच्या मागे असेल तर तिचा ठोका थोडा उशिरा पोचतो. सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक काही मिलिसेकंद पुढे-मागे करायची सोय असते. गिगच्या आधी, घरी, हेडफोन लावून ती नीट बसवा. स्टेजवर तो उद्योग करू नका.

दुसरं, किक एकाचीच. लॅपटॉपच्या ट्रॅकमध्येही किक आणि मशीनचीही किक, दोन्ही एकदम सोडल्या की आवाज मोठा होण्याऐवजी चिखल होतो. मशीनची किक हवी असेल तर ट्रॅकचा खालचा भाग ईक्यूने कापा. तबलजी आणि पखवाजी एकाच वेळी एकाच जागी हात मारत नाहीत, एक जण वाट देतो.

तिसरं, जुनी गाणी. सत्तरच्या दशकातलं गाणं सेटमध्ये घेतलंत आणि त्यावर ड्रम मशीन सोडलीत तर पहिल्या कडव्यापर्यंत ठीक, पुढे गाणं एकीकडे आणि मशीन दुसरीकडे. बीपीएम चुकीचा मोजला म्हणून हे होत नाही. मघाशी सांगितलेला तो हॉल आठवा. साठ-सत्तर माणसं घड्याळाशिवाय एकमेकांकडे बघून वाजवत होती. त्यांची लय श्वासासारखी कमी-जास्त होते. सॉफ्टवेअरमध्ये वार्प करून ते गाणं ग्रिडवर आणता येतं, पण सगळं ताणून सपाट केलंत तर गाण्यातली मजा जाते. दर चार-आठ मात्रांना एक खूण पकडा, मधलं तसंच सोडा. किंवा छोटा तुकडाच लूप करा आणि बाकी गाणं मशीनशिवाय वाजू द्या.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, काहीतरी हातात ठेवा. सगळं आधीच जुळवून आणलंत आणि स्टेजवर फक्त प्ले दाबलंत, तर तुमच्या जागी दुसरा कुणी उभा राहिला तरी चालेल. तिथे तुम्हीच बदली झालात. चरणजितसिंग यांनी तीन मशीनना त्यांची कामं वाटून दिली आणि एक काम कुणालाच दिलं नाही. तुमचं ते एक काम कुठलं, हे ठरवा. कुणी मशीनवर ठेक्याची बटणं चालू असताना बदलेल, कुणी फक्त फिल्टर फिरवेल, कुणी शेजारी ढोलकी घेऊन बसेल. थोडं चुकेलही. चालतंय.

महागडी जुनी ८०८ मिळणार नाही, म्हणून हळहळू नका. रोलँडनेच २०१७ मध्ये टीआर-०८ नावाची छोटी आवृत्ती काढली, तिच्या आधी टीआर-८ आली होती, आणि बाकी कंपन्यांच्या स्वस्त पेट्याही आहेत. त्याच रोलँडने १९८५ मध्ये पहिला ऑक्टोपॅड काढला होता. म्हणजे चिंचपोकळीच्या मिरवणुकीतला तो पोरगा आणि चरणजितसिंग एकाच कंपनीच्या डब्यांवर वाजवतात म्हणायला हरकत नाही. कॉलेजातले काही जण त्याला डीजेपेक्षा कमी समजतात. पुढच्या आगमनाला त्याच्या गाडीजवळ पाच मिनिटं उभे राहा आणि त्याचा डावा हात बघा. ढोलकीवाला पुढे पळाला तर तो त्याला जागा देतो. गर्दी मागे पडली तर ठेका साधा करतो. हे त्याला कुठल्याही कोर्समध्ये शिकवलेलं नाही.

आणि ती एलपी ऐका. आधी मालकंस लावा. रिषभ नाही, पंचम नाही, पाचच सूर. रात्री, दिवे घालवून, चांगल्या हेडफोनवर. पहिला एक मिनिट फक्त मशीन ऐका, मग फक्त हात. तिसऱ्यांदा दोन्ही.